तेल संपले त्या रात्री : आंब्रुआझ पारे आणि त्याचे फ्रेंच गद्य

फ्रेंच भाषेच्या सोळाव्या शतकातील उत्कर्षाचा विचार करताना आपण द्यु बेलेचा १५४९ सालचा भाषासमर्थनाचा जाहीरनामा हटकून आठवतो. त्यापूर्वी चार वर्षे, १५४५ मध्ये, बंदुकीच्या जखमांवरील उपचारांविषयी एक छोटे पुस्तक पॅरिसमध्ये फ्रेंचमधून निघाले होते. त्याचा कर्ता आंब्रुआझ पारे हा सैन्यातला शस्त्रवैद्य. वाङ्मयाच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

१५१० च्या सुमारास लाव्हालजवळ जन्मलेला पारे न्हावी-शस्त्रवैद्यांच्या परंपरेत घडला. त्या काळी वैद्यकाचे शास्त्र लॅटिनमध्ये वावरत असे. शस्त्रकर्म मात्र हाताचे, म्हणून हलके मानले जाई आणि न्हाव्यांकडे सोपवले जाई. पारेला लॅटिन येत नव्हते. ऑतेल-द्यू या पॅरिसच्या रुग्णालयात उमेदवारी करून तो १५३६-३७ च्या पीडमाँट मोहिमेवर गेला.

बंदुकीची जखम विषारी असते, म्हणून ती उकळत्या तेलाने डागावी, असे जोव्हान्नी दा व्हिगोच्या ग्रंथाच्या आधारे मानले जाई. पारेही तेच करू लागला. पण तूरिनजवळच्या लढाईत तेल संपले. नाइलाजाने त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण उरलेल्यांच्या जखमांना लावले. ते विषाने मरतील या भयाने त्याला रात्रभर झोप लागली नाही. पहाटे जाऊन पाहतो तो हे शांत झोपलेले. तेलाने डागलेले मात्र तापाने आणि सुजेने तळमळत होते. पुढे कुणालाही असे भाजायचे नाही, असा त्याने निश्चय केला.

या हकिकतीतील भय आणि जाग लपवावी, असे पारेला वाटले नाही. एका खेडवळ म्हातारीने भाजल्यावर मीठ घातलेला कच्चा कांदा लावायला सांगितले, तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेले नाही. एकाच रुग्णाच्या भाजलेल्या चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर कांदा लावून त्याने दोन्ही बाजूंची तुलना केली आणि तीही लिहून ठेवली.

१५५२ मध्ये दाँव्हिलेच्या वेढ्यात पाय कापल्यावर लाल लोखंडाने डागण्याऐवजी त्याने रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या. पुढे चार राजांच्या सेवेत तो होता. तरीही १५७५ मध्ये त्याचे समग्र ग्रंथ निघाले, तेव्हा पॅरिसच्या वैद्यक-विद्यापीठाने त्यांना विरोध केला. एत्येन गुर्मलाँ या विद्वानाने १५८० मध्ये रक्तवाहिन्या बांधण्याच्या पद्धतीवर टीका केली. १५८५ मध्ये पारेने दिलेल्या उत्तरात प्राचीन आचार्यांचे दाखले आहेतच; पण त्याचा खरा युक्तिवाद म्हणजे त्याच्या मोहिमांची कथने. गुर्मलाँने खुर्चीत बसून वाचलेले आपण वेढ्यांत पाहिले आहे, असा त्याचा रोख आहे.

पारेला आधुनिक ठरवण्याची घाई आम्ही करणार नाही. राक्षसी जन्म आणि अद्भुते यांवरही त्याने श्रद्धेने लिहिले. बरे करणारा ईश्वर, आपण केवळ मलमपट्टी करणारे, ही त्याची धारणा होती. २० डिसेंबर १५९० रोजी तो वारला.

तरीही एक गोष्ट उरते. लॅटिन येत नव्हते, ही त्याची उणीव होती. तिच्यामुळेच त्याला पाहिलेले पाहिल्यासारखे सांगावे लागले. आपल्या भाषेत शास्त्र लिहिता येईल का, हा प्रश्न मराठीतही वारंवार निघतो. पारेने तो प्रश्न चर्चेत सोडवला नाही. ज्या भाषेत जखमी कण्हत होते, त्याच भाषेत त्याने लिहिले.