वडी का मोडते?

गोड पदार्थांचे माझ्या हिशेबी दोनच प्रकार. एक ताटात वाढायचे आणि दुसरे फडक्यात बांधून न्यायचे. खीर, बासुंदी, श्रीखंड यांचे कौतुक खूप झाले, कारण ते पंगतीत असतात आणि पंगतीचे वर्णन करणारा कुणीतरी पाटावर बसलेला असतोच. फडक्यात बांधलेल्या वडीचे, लाडवाचे तसे नाही. ते खाणारा माणूस वाटेवर असतो, शेतात असतो, कामावर असतो. त्याला लिहायला वेळ कुठला? म्हणून आज या दुसऱ्या प्रकाराविषयी चार शब्द.

निमित्त तसे छोटेच आहे. आमची एक नात अमेरिकेत असते. ती घरी 'ग्रॅनोला बार' करते. म्हणजे ओट, बदाम, बिया, मध असे सगळे एकत्र कालवायचे, भट्टीत भाजायचे आणि वड्या पाडायच्या. तिची तक्रार अशी की वड्या पडतच नाहीत, नुसता चुरा होतो. 'आजोबा, आपली चिक्की बरी मोडत नाही?' असे तिने फोनवर विचारले. तिला दिलेले उत्तर दोन मिनिटांत संपले. पण डोक्यात जे चक्र सुरू झाले ते काही थांबेना. शिक्षकाची खोड, दुसरे काय!

आधी या ग्रॅनोलाची कुळकथा सांगतो. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यात जेम्स कॅलेब जॅक्सन नावाचे एक डॉक्टर आरोग्यधाम चालवत. त्यांनी कोंड्यासकट गव्हाच्या पिठाची रोटी कडक भाजली, तिचे तुकडे केले, पुन्हा भाजले आणि त्याला 'ग्रॅन्युला' नाव दिले. ते इतके कडक की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दात लागत नसे. पुढे केलॉग यांनी तसाच पदार्थ काढला, नावावरून तंटा झाला आणि त्यांनी नाव बदलून 'ग्रॅनोला' केले. त्याच्या वड्या बाजारात यायला मात्र १९७५ साल उजाडले. म्हणजे पदार्थ दीडशे वर्षांचा, वडी पन्नास वर्षांची. आपल्याकडचा हिशेब उलटा आहे. आपण वडी आणि लाडू वळायला फार आधी शिकलो, कारण आपल्याकडे गूळ होता.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातल्या वस्तूंची यादी आहे. तिच्यात उसाच्या रसापासून होणारे पदार्थ ओळीने दिले आहेत: फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड, शर्करा. फाणित म्हणजे आपल्या काकवीसारखा दाट रस. गुड म्हणजे गूळ. खण्ड म्हणजे खांड. हाच शब्द अरबस्तानातून फिरत फिरत युरोपात गेला आणि इंग्रजीत 'कँडी' झाला. शर्करेची साखर झाली आणि तिकडे 'शुगर' झाली. गंमत पाहा, ज्या देशात आमची नात वडी जमत नाही म्हणून कपाळाला हात लावते, त्या देशाने गोळीला जे नाव दिले तेही इकडूनच गेलेले!

गुळाबरोबर बांधायला आपल्याकडे पूर्वीपासून काय होते? तीळ होते, लाह्या होत्या, डाळे होते. तिळगूळ आणि लाह्यांचे लाडू ही खरी जुनी मंडळी. शेंगदाणा मात्र पाहुणा. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीज वगैरे दर्यावर्दी लोकांनी जगभर पिके हलवली, त्यानंतर तो इकडे आला. राजगिराही तिकडचाच. आपण उपवासाला शेंगदाणे, राजगिरा, बटाटा आणि साबुदाणा खातो. चारही चीजवस्तूंचे मूळ अमेरिका खंडात! कुणाचा उपवास मोडावा म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो.

राजगिऱ्याची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मेक्सिकोतले अझ्टेक लोक राजगिरा मधात किंवा घायपाताच्या जातीतल्या एका झाडाच्या रसात मळून देवाच्या मूर्ती करीत आणि पूजेनंतर तुकडे वाटून खात. म्हणजे प्रसादच की! स्पॅनिश पाद्र्यांना ते खपले नाही, त्यांनी ती प्रथा दडपली. पण राजगिऱ्याच्या लाह्या आणि मध यांची वडी तिथे आजही मिळते. तिचे नाव 'आलेग्रीया', अर्थ 'आनंद'. तिचा फोटो पाहिलात तर लातूरच्या बसस्टँडवरची राजगिरा वडी म्हणाल. दोन टोकांचे लोक, एकमेकांना कधी न पाहिलेले, पण दाणा बांधायची युक्ती एकच.

आपल्याकडे या वडीला बाजारात मोठे केले ते रेल्वेने. बोरघाटातला लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला. तिथल्या मजुरांना लोणावळ्यातली गुडदाणी, म्हणजे गूळ-शेंगदाण्याची वडी, विकली जाई, आणि पुढे तीच डब्यात भरून गाडीतल्या प्रवाशांना विकावी असे कुणी सुचवले, त्यातून लोणावळ्याची चिक्की प्रसिद्ध झाली, असे सांगतात. कहाणीत तिखटमीठ किती ते सोडा. पण गोष्ट पटते. डोंगर फोडणाऱ्या माणसाला हातात धरता येईल, चटकन ताकद देईल आणि खिशात चुरा होणार नाही असे काही लागते.

आता मूळ प्रश्न. वडी का मोडते?

आमच्या भागात पूर्वी हिवाळ्यात गुऱ्हाळे लागायची. काहिलीवर गुळव्या उभा असे. तो ना घड्याळ पाही ना तापमापक. पाक पळीने उचलायचा, थेंब गार पाण्यात टाकायचा आणि बोटांनी चाचपायचा. थेंब पसरला तर काकवी. मऊ गोळी झाली तर अजून थोडे. घरी आई चिक्की करताना तेच करी. गोळी ताटलीवर टाकली की टण्ण वाजली पाहिजे, नाहीतर चिक्की दाताला चिकटते.

या टण्ण आवाजामागे शास्त्र आहे. पाक उकळतो तेव्हा त्यातले पाणी उडत जाते आणि पाणी जसे कमी होते तसे तापमान चढते. साखरेच्या पाकाची मऊ गोळी साधारण ११५ अंश सेल्सिअसला होते, तेव्हा पाकात अजून १५ टक्के पाणी असते. १५० अंशांच्या आसपास गेला की पाणी जेमतेम १ टक्का उरते आणि पाक थंड होताना काचेसारखा होतो. ही काच दाण्यांना धरते. नात काय करी, तर मध नुसता कोमट करून ओटवर ओतायची. मधातले पाणी तसेच राहिले, तर तो धरणार कसा? त्यातून मध हवेतला ओलावा ओढून घेतो. गुळातही थोडा तो गुण आहे. म्हणूनच पावसाळ्यात डबा उघडा राहिला की चिक्की पाझरते. मात्र गूळ लवकर करपतो, म्हणून आच मंद हवी. बाजारात 'चिक्कीचा गूळ' वेगळा मागावा लागतो तो याच कारणाने: तो चिवट असतो, पाक चांगला धरतो.

पण पाक हे अर्धेच उत्तर. उरलेले अर्धे मी स्वयंपाकघरात नाही, रस्त्यावर शिकलो.

साल १९७२. आमचे शिरूर तेव्हा तालुका नव्हते आणि लातूर हा जिल्हाही नव्हता. तो १९८२ साली झाला. आम्ही उस्मानाबादकर, म्हणजे आताचे धाराशिव. पाऊस आधीच्या दोन वर्षांतही धड झाला नव्हता, त्या वर्षी तर त्याने पाठच फिरवली. मी नुकताच बी.ए. होऊन घरी बसलो होतो. दुष्काळी कामे निघाली तेव्हा एका रस्त्याच्या कामावर मस्टर कारकून म्हणून लागलो. आमच्या कामावर दीड-दोनशे माणसे होती, निम्म्याहून अधिक बाया. राज्यभरात तर १९७३ च्या मे महिन्यात जवळजवळ ५० लाख माणसे अशा कामांवर होती. आकडा पुन्हा वाचा. पन्नास लाख.

दिवसभर हातोड्यांचा आवाज. बाया डोक्यावर पदर ओढून खडी फोडायच्या. हजेरी मांडून झाली की मी मुकादमाजवळ उभा राहून रस्ता कसा होतो ते पाहत असे. नुसती खडी पसरून रोलर फिरवला तर खडी सरकते, पायाखाली निसटते. मुकादम मग तिच्यावर मुरूम टाकायला लावी, पाणी मारी आणि रोलर पुन्हा पुन्हा फिरवी. मुरूम फटीत जाऊन बसला की खडी हलत नसे. 'मास्तर, मोठ्याला बारक्याचा आधार लागतो,' असे तो म्हणे. मी तेव्हा मास्तर झालो नव्हतो, पण शिकलेल्या माणसाला तिथे सगळे मास्तरच म्हणत.

वडीचेही तेच आहे. अख्खे बदाम, अख्खे ओट आणि मोठ्या बिया म्हणजे नुसती खडी. मधल्या फटी भरायला कूट हवा. शेंगदाण्याचा कूट, तिळाचा कूट, नाहीतर त्याच ओटची भरड. मग पाक, मग वाटीच्या बुडाने किंवा लाटण्याने चांगली दाब, आणि गरम असतानाच सुरीने रेघा. गार झाल्यावर रेघा मारल्या तर वडी हवी तिथे न तुटता भलतीकडेच तुटते. नातीला मी सांगितले ते एवढेच.

त्याच रस्त्यावर दुपारी सुकडी वाटली जायची. तरुण वाचकांना हा शब्द माहीत नसेल. गहू, डाळ, गोड आणि तेल यांचे भाजके मिश्रण, कामावरच्या माणसांना पोषणासाठी म्हणून दिलेले. गुजरातेत सुखडी नावाची वडी करतात, कणीक तुपात भाजून गूळ घालून. नाव बहुधा तिथलेच. पण आमच्यापर्यंत आली ती वडी नव्हती. भरडीसारखी, तपकिरी, किंचित तेलकट वासाची, पोत्यातून ओंजळीत मिळणारी. रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो आणि कामावर सुकडी, यावर ते वर्ष निघाले.

बाया ती ओंजळ पदरात घ्यायच्या. त्यातली चार बोटे तोंडात टाकायच्या, वर पाणी प्यायच्या आणि उरलेल्याची गाठ मारायच्या. घरी लेकरे असत. संध्याकाळपर्यंत ती गाठ घामाने भिजे, वाटेने निम्मी सुकडी पदराच्या विणीतून गळून जाई. मुले पदराचे टोक चोखत. हे मी पाहिलेले आहे.

मला तेव्हा वाटायचे, सरकारने याच्या वड्या का नाही पाडल्या? दोन वड्या पदरात बांधल्या असत्या तर दोन्ही घरी पोचल्या असत्या. आज पाकाचा हिशेब मांडल्यावर वाटते, ते जमण्यासारखे नव्हते. लाखो माणसांसाठी पाक उकळायचा, गोळी पाहायची, थापायचे, कापायचे. आणि मराठवाड्याच्या चैत्र-वैशाखात पोत्यात भरलेल्या गुळाच्या वड्यांचा एकच ढेकूळ झाला असता. कोरडी भरड टिकते, मापून देता येते, पोत्यात चिकटत नाही. न बांधलेली होती म्हणूनच ती इतक्या लोकांपर्यंत पोचली. पण ज्याने ती ठरवली त्याच्या डोळ्यांसमोर कामावरची एक बाई होती. तिच्या घरी चार तोंडे आहेत आणि ती एकटी खाणार नाही, हे त्या हिशेबात नसावे. असो.

त्या दुष्काळातून पुष्कळ काही उभे राहिले. वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात जो रोजगाराचा प्रयोग सुरू केला होता, तोच १९७२ साली राज्यभर योजना म्हणून आला. १९७७ साली त्याचा कायदा झाला, १९७९ पासून तो अमलात आला आणि २००५ साली देशाने तसाच कायदा केला. यावर अभ्यासकांनी ग्रंथ लिहिले. आमच्या भागात पुढे साखर कारखाने आले, ऊस वाढला. नंतर १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. ऊस आहे, साखर आहे आणि प्यायला पाणी नाही, असाही दिवस आम्ही पाहिला. यावरही पुष्कळ लिहून झाले.

सुकडीवर मात्र कुणी लिहिलेले मला दिसत नाही. पाककृतीच्या पुस्तकात ती असणार नाही, कारण ती कुणी हौसेने केली नाही. आमच्या वहिनी आज ऐंशीच्या घरात आहेत. संक्रांतीला अजून स्वतः पाक पाहतात, गोळी वाजवून दाखवतात. त्यांना सुकडीची चव विचारली तर म्हणतात, 'भुकेला काय चव असती व्हय?' आणि विषय बदलतात.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात सत्तरीच्या पुढचे कुणी असेल आणि ते मराठवाड्यातले, नगर-सोलापूरकडचे असेल, तर त्यांना सुकडीविषयी जरूर विचारा. ती कशात मिळायची, कुणाबरोबर वाटून खाल्ली, घरी किती पोचायची. सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि जमले तर मलाही कळवा. ही माणसे फार दिवस राहणार नाहीत.