विमा गाडीचा की गाडीवानाचा?

फारसीत ‘बीम’ म्हणजे भीती. आपल्या विम्याचं तिच्याशी नातं आहे की नाही, ते भाषेच्या जाणकारांनी ठरवावं. कवीच्या कानाला दोन्ही शब्द शेजारीशेजारी ऐकू येतात, एवढंच. आणि खान्देशच्या वाटेने माल न्यायचा म्हटला की भीती जुनीच. सुरतेला उतरलेला माल नवापूर, थाळनेर, चोपडा अशा मजला करत बऱ्हाणपूरला जायचा, तिथून पुढे आग्र्याला. सतराव्या शतकात ताव्हर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेने गेला. त्याच्या प्रवासवर्णनात ही आपली गावं आहेत. मोगलाईत सराफ मंडळी अशा मालाची जोखीम पैसे घेऊन उचलत. सुजानराय भंडारीने १६९५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘खुलासतुत्तवारीख’ या फारसी ग्रंथात या बिम्याची नोंद आहे. भाडं, जकात आणि जोखीम सगळं एका रकमेत ठरलं, की त्याला हुंडाभाडं म्हणत. व्यवहार सारा मालाचा. बैल हाकणारा त्यात कुठे बसत नव्हता.

मोटार आली आणि प्रश्न फिरला. माल लुटला जाण्यापेक्षा माणूस चाकाखाली येण्याची भीती मोठी झाली. ब्रिटनने १९३० च्या कायद्याने मोटारवाल्यांवर विम्याची सक्ती केली. आपल्याकडे १९३९ साली मोटार वाहन कायदा झाला, पण त्यातलं विम्याचं प्रकरण लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. ‘थर्ड पार्टी’ हा शब्द तेव्हापासून आपल्या तोंडी आहे. पहिला पक्ष मालक, दुसरी कंपनी, आणि तिसरा तो रस्त्यावरचा माणूस, ज्याने कुठल्याही कागदावर सही केलेली नाही.

आता हा विमा बांधायचा कुणाशी? गाडीशी की चालवणाऱ्याशी? ब्रिटनमध्ये पॉलिसीवर चालकांची नावं असतात. वय, अनुभव, आधीचे अपघात पाहून हप्ता ठरतो. आपण तो गाडीशी बांधला. गाडी विकली तर १९८८ च्या कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टीचा विमा गाडीसोबत नव्या मालकाकडे जातो, बैलासोबत वेसण जावी तसा. आणि मला हे बरोबर वाटतं. आपल्याकडे एका स्टिअरिंगला किती हात लागतात ते बघा. मालक, त्याचा भाचा, पगारी ड्रायव्हर, आणि रात्री पारोळ्याच्या पुढे उस्तादाला डुलकी आली की क्लिनरसुद्धा. अपघातानंतर चालवणारा शेतातून पळून जातो. मागे राहते ती नंबरप्लेट. एमएच १८ म्हणजे धुळे, एमएच १९ म्हणजे जळगाव. एवढा धागा हाती असला तरी मृताच्या बायकोला न्यायाधिकरणाची पायरी चढता येते. ड्रायव्हरचं लायसन खोटं निघालं तर? २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने तिसऱ्या माणसाला आधी पैसे द्यावेत आणि मालकाचा दोष असेल तर नंतर त्याच्याकडून वसूल करावेत. छोटा हत्ती चालवणाऱ्यांच्या लायसनवरून तर कंपन्यांनी वर्षानुवर्षं वाद घातले. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हा घटनापीठाचा निकाल ६ नोव्हेंबर २०२४ ला आला.

यात एक अन्याय आहे, तो मान्य करायला हवा. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनाच्या सीसीवर ठरतो. जून २०२२ च्या दराने १००० ते १५०० सीसीच्या खाजगी मोटारीला ३,४१६ रुपये. मग चालवणारा तीस वर्षं एकही ओरखडा न काढलेला मास्तर असो की काल लायसन मिळालेला त्याचा मुलगा. मास्तरांच्या सावधपणाची किंमत होते ती फक्त स्वतःच्या गाडीच्या विम्यात, नो क्लेम बोनस म्हणून. तो बोनस मात्र गाडीसोबत जात नाही, माणसापाशी राहतो. म्हणजे विम्याला माणूस ओळखता येतच नाही असं नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. रस्त्यावरच्या माणसाची सोय झाली. चालवणारा मेला तर काय? तो स्वतः मालक असेल तर सोय आहे. २०१८ साली मालक-चालकाचा अपघात विमा पंधरा लाखांचा झाला, आणि जानेवारी २०१९ पासून तो गाडीच्या पॉलिसीतून सुटा घेता येतो. चार गाड्या असल्या तरी एकच पुरतो. पण मोटरसायकल मागून नेलेली असेल तर? इरकल साडीच्या त्या इलकल गावाजवळ एकजण मागितलेल्या मोटरसायकलवरून जात असताना पुढची लोखंडी पत्र्यांची बैलगाडी एकाएकी थांबली आणि तो गेला. २००९ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, त्यामुळे कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येत नाही. आमच्याकडे ‘चावी दे रे भाऊ, दवाखान्यात जाऊन येतो’ हे वाक्य रोज किती ओट्यांवर बोललं जात असेल!

पगारी ड्रायव्हरला कामगार नुकसानभरपाईची कायदेशीर सोय आहे, आणि मालकाची ती जबाबदारी गाडीच्या विम्यात येते. पण आधी नोकरी शाबित व्हावी लागते. केळीच्या हंगामात रावेर-सावद्याहून तीन मालकांच्या गाड्या दिल्लीला नेणाऱ्या बदली ड्रायव्हरपाशी नेमणुकीचा कसला कागद? मालावर बसलेल्यांचं तर विचारूच नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये धुळ्याकडून रावेरकडे पपई घेऊन निघालेला ट्रक मध्यरात्री यावल तालुक्यात किनगावजवळ उलटला. किमान पंधरा मजूर गेले, त्यांत बाया होत्या, लेकरं होती. अशा वेळी कायदा आधी विचारतो, तुम्ही कुणाचे? गाडीमालकाचे नोकर असाल तर एक वाट. मालाचे मालक किंवा त्याचे प्रतिनिधी असाल तर १९९४ च्या दुरुस्तीची दुसरी. नुसते बसून निघालेले असाल, तर २००२ च्या निकालाप्रमाणे विमा कंपनीची जबाबदारी नाही. मुकादमाच्या सांगण्यावरून गाडीत चढलेल्या बाईने या प्रश्नाचं उत्तर कुठून आणायचं?

म्हणून दोन विमे वेगळे करावेत. तिसऱ्या माणसाचा गाडीवरच राहू द्यावा. चालवणाऱ्याच्या जिवाचा मात्र त्याच्या लायसनला जोडावा, गाडी कुणाचीही असो. आणि गाडी भरणाऱ्या-उतरवणाऱ्यांचा त्या खेपेला. हप्ता कोण भरणार, असं ट्रान्सपोर्टवाले लगेच विचारतील. बिल्टीवर भाडं लिहितात, हमाली लिहितात. हमालीच्या खाली आणखी एक ओळ मावते.