माठाचे पाणी आणि कारखान्याची लादी : सोलापूरच्या उन्हाळी पेयांतील बर्फ

पेयात घातलेला बर्फ ते केवळ थंड करीत नाही, तर स्वतः वितळून त्याचा भाग होतो, आणि म्हणून बर्फाची निवड म्हणजे एका परीने पाण्याचीच निवड असते. ही साधी गोष्ट सोलापूरच्या संदर्भात विशेष महत्त्वाची ठरते. पाणी थंड करण्याचे एक जुने, स्वस्त आणि कमालीचे परिणामकारक साधन या शहराजवळ बर्फ येण्यापूर्वीच होते, आणि ते पाण्यात स्वतःचे काहीही मिसळत नव्हते. मुंबईसारख्या किनारी शहरात बर्फाने एक उणीव भरून काढली. सोलापुरात त्याला माठाशी स्पर्धा करावी लागली. येथील थंड पेयांचा इतिहास या स्पर्धेच्या अंगाने वाचला, तर त्यांतील साखर, आंबटपणा, वास आणि रंग यांची पुष्कळशी कारणे उलगडतात.

माठाचे कार्य बाष्पीभवनावर चालते. कच्च्या भाजणीच्या मातीतून पाझरलेले पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर येऊन वाळते आणि वाळताना आतल्या पाण्यातील उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितके हे वाळणे वेगाने होते. सोलापूरचा एप्रिल-मेमधील दुपारचा पारा चाळिशी सहज ओलांडतो, परंतु हवेतील दमटपणा त्या वेळी अगदी कमी असतो. तापमान ४२ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के धरली, तर बाष्पीभवनाने गाठता येणारी नीचतम मर्यादा सुमारे २२ अंश येते. प्रत्यक्षातील माठ त्या मर्यादेच्या दोन-तीन अंश वर थांबतो, तरीही ही घट विलक्षणच म्हटली पाहिजे. याउलट मुंबईत ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असताना तीच मर्यादा सुमारे २८ अंशांवर अडते. म्हणजे अधिक तापलेल्या सोलापुरात माठातील पाणी मुंबईच्या माठापेक्षा अधिक गार होते. वाळ्याची जुडी घातलेला रांजण आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ ही देशावरची साधने या कोरड्या हवेच्या आधारावरच उभी होती.

बर्फाशिवाय पेय थंड करण्याची दुसरी रीत दरबारी होती. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त शोऱ्याने, म्हणजे बंदुकीच्या दारूत वापरल्या जाणाऱ्या क्षाराने, पाणी गार करण्याची कृती दिली आहे. शोरा पाण्यात विरघळताना उष्णता शोषून घेतो, आणि त्या द्रावणात बुडवून फिरवलेल्या सुरईतील पाणी शोऱ्याला स्पर्शही न होता थंड होते. त्याच ग्रंथात उत्तरेकडील डोंगरांतून लाहोरला बर्फ आणला जात असल्याचीही नोंद आहे, मात्र दख्खनच्या पठाराला असा हिमाच्छादित शेजार नव्हता. मराठेशाहीतील अठरा कारखान्यांच्या यादीत आबदारखाना आणि शरबतखाना असे दोन स्वतंत्र विभाग दिसतात, म्हणजे पिण्याचे पाणी सांभाळणे आणि पेय सिद्ध करणे ही दोन निरनिराळी कामे मानली जात. ‘बर्फ’ हा शब्दही मराठीत फारसीतूनच आला. त्याच शब्दावरून नाव पडलेली बर्फी मराठी घरांत इतकी रुळली आहे की तिच्या नावातील हिम कोणाला जाणवतही नाही.

पश्चिम भारतात विकाऊ बर्फ प्रथम समुद्रमार्गे आला. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास पाठविला, आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातील सुमारे १०० टन शिल्लक उतरला. मुंबईतही १८३०च्या दशकात अमेरिकी बर्फ येऊ लागला आणि पुढे त्याच्या साठवणीसाठी शहरात स्वतंत्र बर्फघर बांधले गेले. जमशेटजी जीजीभाई यांच्या मेजवानीत आइसक्रीम वाढले गेले आणि त्यानंतर यजमानांसह पाहुण्यांनाही सर्दी झाली, अशी एक गोष्ट मुंबईच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. ती खरी असो वा रचलेली, नव्या थंडीविषयीचा संशय तीत नेमका उमटला आहे. हेन्री डेव्हिड थोरो ज्या वॉल्डन तळ्याकाठी राहिला, त्या तळ्यावरही १८४६-४७च्या हिवाळ्यात बर्फ कापला गेला होता, आणि आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई व कलकत्त्याचे लोक पितील ही कल्पना त्याने १८५४च्या आपल्या पुस्तकात रंगवली आहे.

हा तळ्याचा बर्फ काचेसारखा पारदर्शक असे, आणि त्याचे कारण चवीच्या दृष्टीने मूलभूत आहे. पाणी गोठताना त्याचे स्फटिक शक्यतो शुद्ध पाण्याचेच बनतात आणि विरघळलेले क्षार व हवा न गोठलेल्या भागाकडे ढकलली जातात. तळे वरून खाली गोठते, त्यामुळे ही सारी अशुद्धी खालच्या पाण्यात उतरते आणि वरचा थर स्वच्छ राहतो. असा बर्फ पेयात विरघळला तरी त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशीत यंत्राने बर्फ तयार करणारे कारखाने भारतात उभे राहिले आणि अमेरिकी बर्फाची आयात थांबली, तेव्हा किंमत उतरली व पुरवठा वाढला. पण पारदर्शकतेचा हा गुण मात्र मागे पडला.

यंत्राच्या लादीची घडण पाहिली की हे स्पष्ट होते. मोठ्या हौदात मिठाचे तीव्र पाणी अमोनियाच्या यंत्रणेने शून्याखाली आठ ते दहा अंशांपर्यंत उतरवलेले असते. त्यात गोड्या पाण्याने भरलेले पत्र्याचे उंच डबे बुडवून ठेवतात, आणि सव्वाशे-दीडशे किलोची लादी पूर्ण गोठण्यास एक ते दोन दिवस लागतात. नंतर डबा साध्या पाण्यात क्षणभर बुडवला की लादी भिंती सोडते आणि निसटून बाहेर येते. येथे पाणी वरून खाली नव्हे, तर चारही भिंतींकडून आत गोठत येते. क्षारांना आणि हवेला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ती मध्यभागी कोंडली जातात. लादीच्या काठाचा भाग स्वच्छ आणि गाभा दुधाळ दिसतो तो यामुळे. गोठताना पाण्यात हवा फुंकून ते हलते ठेवणे आणि शेवटी उरलेले गाभ्याचे पाणी उपसून तेथे ताजे पाणी भरणे, हा त्यावरील ज्ञात उपाय आहे, परंतु त्याने वेळ आणि खर्च दोन्ही वाढतात.

सोलापूरच्या बाबतीत गाभ्याचा हा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. शहर काळ्या बेसॉल्ट खडकावर वसले आहे, आणि या खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी सामान्यतः जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. शहराच्या ईशान्येला अदिला नदीवर बांधलेला एकरुखचा तलाव, ज्याला लोक हिप्परग्याचा तलाव म्हणतात, १८७१ मध्ये पूर्ण झाला. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण झाले आणि शहराची भिस्त हळूहळू त्या पाण्याकडे वळली. तलावाचे साठवण-पाणी आणि भूगर्भातील पाणी यांच्या चवीतील फरक ज्यांना ठाऊक आहे, त्यांना एकाच शहरातील दोन लाद्यांच्या चवीतील फरकाचे आश्चर्य वाटणार नाही. जड पाण्याच्या लादीचा गाभा सरबतात विरघळला की लिंबाचा आंबटपणा किंचित बोथट होतो, कारण पाण्यातील बायकार्बोनेट क्षार आम्लाचा थोडा भाग मारतात, आणि पेल्याच्या तळाशी कधीकधी पांढरट गाळही दिसतो.

बर्फासारख्या जड आणि नाशवंत मालाला वेगवान वाहतूक, कोळसा आणि दाट वस्तीचे गिऱ्हाईक लागते. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये पोचली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची ‘जुनी मिल’ १८७७ मध्ये सुरू झाली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णू व लक्ष्मी या गिरण्या आल्या. गिरणीच्या विणकाम विभागात एक विचित्र स्थिती असते. कोरड्या हवेत सुताचा धागा वारंवार तुटतो, म्हणून तेथील हवा मुद्दाम दमट ठेवावी लागते. आणि दमट हवेत माठाचा गुण उणा पडतो. गावाला ज्या कोरडेपणाने थंड पाणी दिले, तोच कोरडेपणा गिरणीने आपल्या भिंतींच्या आत नाहीसा केला. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या कामगाराला माठाच्या पंचवीस अंशांपेक्षा बर्फाचे पाच अंश अधिक हवेसे वाटले, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

बर्फ पाण्याचाच पदार्थ असल्यामुळे स्पर्शास्पर्शाचा प्रश्नही त्याच्याबरोबर आला. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, माजले, त्या काळात पाणी कोणी भरले हे विचारणे सर्वसाधारण होते. माठाच्या बाबतीत त्याचे उत्तर सहज मिळे; कारखान्याच्या डब्यात कोणी पाणी भरले, हे मात्र लादीकडे पाहून सांगता येत नव्हते. बर्फाने भेद मिटवला असे म्हणणे धाडसाचे होईल, पण विचारपूस करणे त्याने अवघड केले एवढे निश्चित.

थंड करण्याच्या क्रियेतील हिशेब येथे मांडणे उपयुक्त आहे. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता घेतो, आणि वितळलेले पाणी पाच अंशांपर्यंत तापताना आणखी पाच. खोलीत ३८ अंशांवर असलेले २०० ग्रॅम सरबत पाच अंशांवर आणायचे, तर सुमारे ७८ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, म्हणजे पेयात जवळजवळ दोन-पंचमांश पाणी वाढते. तेच सरबत माठाच्या २५ अंशांच्या पाण्यात केले तर ४७ ग्रॅम पुरतो. माठ आणि बर्फ यांना केवळ प्रतिस्पर्धी मानणे म्हणूनच चुकीचे आहे. ज्या घरात सरबत आधी माठाच्या पाण्यात होते आणि बर्फ शेवटी पडतो, तेथे त्याची चव दाट राहते. बर्फ चुरा असो वा खडा, तितक्याच थंडीसाठी तितकाच वितळतो. फरक पडतो तो वेगाचा, आणि चुऱ्याच्या अंगाला आधीच चिकटून आलेल्या पाण्याचा. बर्फ गोणपाटात व लाकडाच्या भुशात ठेवून विकला जातो, तेव्हा त्याचा ओला पृष्ठभाग भुशाचा वास धरतो, आणि खडा धुऊन न घेतल्यास तो वास वाळ्याच्या किंवा केशराच्या सुगंधाच्या आधी नाकाला भेटतो.

पातळ होण्याबरोबरच आणखी एक बदल जिभेवर होतो. तापमान उतरले की गोडी कमी जाणवते आणि सुगंधी द्रव्यांचे बाष्पही कमी सुटते. म्हणून माठाच्या पाण्यातील सरबताचे प्रमाण बर्फाच्या सरबताला पुरत नाही. पन्हे, कोकम आणि लिंबू यांची विकाऊ रूपे घरगुती रूपांहून अधिक गोड, अधिक आंबट आणि अधिक खारट असतात, याचा दोष बहुधा विक्रेत्याच्या अभिरुचीला दिला जातो. तो खरे तर बर्फाला द्यायला हवा. बर्फगोळ्यात ही गोष्ट टोकाला जाते. रंध्यावर किसलेल्या बर्फाच्या सूक्ष्म पोकळ्यांत पाक ओढला जातो, आणि तो पाक नुसता चाटवणार नाही इतका घट्ट असतो, कारण शून्य अंशावर भेटणाऱ्या जिभेला त्याखेरीज चव कळणारच नाही. गोळा चोखताना पाक आधी निघून जातो आणि काडीवर पांढरा, बेचव किस उरतो. मग मुले पुन्हा रंग मागतात.

गोटी सोड्याचे गणित याहून निराळे होते. हिरम कॉड याने १८७०च्या दशकात काढलेल्या या बाटलीत वायूच्या दाबानेच काचेची गोटी तोंड बंद ठेवते. हा वायू थंड पाण्यात अधिक विरघळून राहतो, परंतु खडबडीत बर्फाच्या पृष्ठभागावर त्याचे बुडबुडे झपाट्याने सुटतात. त्यामुळे बर्फाच्या चुऱ्यावर ओतलेला सोडा फेसाळतो आणि लगेच बसतो. सोड्याच्या बाटल्या बर्फाखाली भुशाच्या पेटीत निजवून ठेवण्याची रीत म्हणूनच शहाणपणाची होती. बर्फाने पेयात न उतरता पेय गार केले, की तो माठाच्या आणि शोऱ्याच्या जुन्या रीतीकडेच परततो.

उसाच्या रसात मात्र बर्फाला टाळणे कठीण आहे. सोलापूर जिल्हा उजनीनंतर उसाचा जिल्हा झाला. ताजा रस हवा लागताच काळवंडू लागतो व उष्णतेत लवकर आंबतो, म्हणून त्याला तत्काळ थंडी लागते. चरकाखालच्या गाळणीतच बर्फाचा खडा ठेवला की रस त्यावरून वाहत खाली उतरतो आणि विक्रेत्याला वेगळे काही करावे लागत नाही; किती रस आणि किती पाणी हा प्रश्नही मग वेगळा विचारता येत नाही. ‘बिनबर्फाचा’ हा रसवंतीवरील शब्द या अविश्वासातून आला, आणि त्यात काटकसरीइतकीच आरोग्याची काळजीही आहे, कारण गोठवल्याने जंतू मरतीलच असे नाही.

अखाद्य बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ मध्ये देशभर आला आणि महाराष्ट्रातही लागू झाला. मासळी किंवा माल गार ठेवण्यासाठीची लादी निळसर आणि पेयात पडणारी पांढरी, असा भेद त्यातून अपेक्षित होता. शुद्धीकरण केलेल्या पाण्याचे, मधोमध भोक असलेले नळीसारखे तुकडे तयार करणारी यंत्रेही आता उपाहारगृहांत दिसतात. वाहत्या पाण्यातून थराथराने गोठल्यामुळे ते स्वच्छ असतात, आणि दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या बंदरावर उतरणाऱ्या तळ्याच्या बर्फासारखे पेयाला काही न देता विरघळतात. लादी मात्र हातगाड्यांवर अजून आहे. टोच्याने ती फोडताना काठाचा पारदर्शक कपचा वेगळा निघतो आणि दुधाळ गाभा वेगळा, आणि पेल्यात यांपैकी काय पडते हे टोचा धरणाऱ्या हातावर अवलंबून राहते.