पेन्शनरांचा हक्क

'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपल्या घरांतून इतक्या सहज उच्चारली जाते कीं, तिच्या पोटांत एका संबंध वर्गाचा निकाल लागून जातो, हें बोलणाराच्या ध्यानींही येत नाहीं. सरकारनें तर साठीचीही वाट पाहिली नव्हती. इंग्रजी अमदानींत सरकारी नोकराला बहुधा पंचावन्नाव्या वर्षीं कचेरी सोडावी लागे. मध्यवर्ती सरकारनें ही मर्यादा १९६२ सालीं ५८ वर व १९९८ सालीं ६० वर नेली. बुद्धि नासण्याचें वय हुकमासरशीं पुढें सरकतें, ही मौज खरी. पण कचेरीबाहेर पडलेल्या माणसाचें पुढें काय होतें, हा प्रश्न मौजेचा नाहीं.

पेन्शन हा शब्द उच्चारला कीं, महाराष्ट्रीयांस दुसऱ्या बाजीरावाची आठवण व्हावयाचीच. १८१८ सालीं राज्य गमावल्यावर त्याला सालीना आठ लक्ष रुपये मिळूं लागले. ब्रह्मावर्तास बसून १८५१ पर्यंत त्यानें ते घेतले, व तो वारतांच त्याच्या दत्तक पुत्राला, नानासाहेबाला, ते नाकारण्यांत आले. राजकीय पेन्शन व चाकरीचें पेन्शन हीं एक नव्हेत, हें आम्ही जाणतों. परंतु देणाराची मर्जी असेल तोंवर मिळावयाचें, ही भावना दोहोंनाही चिकटली. १८७१ च्या पेन्शन कायद्यानें ती पक्की केली. सरकारी पेन्शनविषयींचा दावा कलेक्टर वगैरे अधिकाऱ्यांच्या दाखल्यावांचून दिवाणी न्यायालयांत चालवूं नये, असा त्याचा दंडक होता.

या समजुतीला खरा धक्का १९८२ सालीं बसला. ता. २५ मे १९७९ च्या एका परिपत्रकानें मध्यवर्ती सरकारनें पेन्शनची आकारणी बदलली होती. पूर्वीं शेवटच्या ३६ महिन्यांच्या वेतनाची सरासरी धरीत. आतां १० महिन्यांचीच धरावयाची ठरली. नोकरीच्या अखेरीस पगार चढलेला असतो. तेव्हां सरासरी जितक्या थोड्या महिन्यांची, तितकें पेन्शन अधिक, हें उघड आहे. सुधारणा स्तुत्यच होती. पण ता. ३१ मार्च १९७९ रोजीं जे नोकरींत होते, त्यांनाच ती लागू होती! एकाच मेजाशीं तीस वर्षें बसलेल्या दोन कारकुनांपैकीं जो फेब्रुवारीअखेर मोकळा झाला, त्याला जुना हिशोब. जो मार्चअखेर सुटला, त्याला नवा. आणि जे दहा-पंधरा वर्षांपूर्वींच निवृत्त झालेले, म्हणजे वयानें सर्वांत थकलेले व महागाईनें ज्यांचा रुपया सर्वांत अधिक झिजलेला, त्यांच्या वांट्यास अर्थातच कांहीं नाहीं.

डी. एस. नकारा हे १९७२ सालीं निवृत्त झालेले अधिकारी सर्वोच्च न्यायालयांत गेले. त्यांच्याबरोबर सैन्यांतील एक निवृत्त अधिकारी व 'कॉमन कॉज' ही संस्थाही होती. संस्थेचें येणें महत्त्वाचें. कारण एकेका वृद्धानें दिल्लीपर्यंत दावा नेणें ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नाहीं. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालीं पांच न्यायमूर्तींपुढें दावा चालला. ता. १७ डिसेंबर १९८२ चा निकाल न्यायमूर्ति देसाई यांनीं लिहिला. पेन्शन ही मालकानें खुशीनें घातलेली भीक नव्हे. केलेल्या सेवेचा तो मागाहून मिळणारा मोबदला आहे, आणि केवळ एका तारखेची रेघ ओढून पेन्शनरांचे दोन वर्ग करणें हें घटनेच्या चौदाव्या कलमांतील समतेच्या विरुद्ध आहे, असें त्यांत ठरलें. मात्र ता. १ एप्रिल १९७९ पूर्वींची थकबाकी कोणास मिळावयाची नव्हती. ही तडजोड आम्हांस व्यवहारी वाटते. तीवांचून खजिन्याच्या नांवानें ओरड करणाऱ्यांस आयतेंच निमित्त मिळालें असतें.

निकालाचा दिवस पेन्शनरांच्या संस्था दरवर्षीं पाळतात. तथापि त्याची धार पुढें न्यायालयांनींच कांहींशी बोथट केली. ज्या रेल्वे नोकरांनीं पेन्शनऐवजीं प्रॉव्हिडंट फंड पत्करला होता, त्यांना त्याचा आधार १९९० सालीं मिळाला नाहीं. आणि २०२५ च्या अर्थविषयक कायद्यांत तर, निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेद करण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारला आहे, असें स्पष्ट लिहिण्यांत आलें. चालू पेन्शनांत त्यामुळें फरक पडत नाहीं, असें सरकारतर्फे सांगण्यांत आलें आहे. तसें असेल, तर हीं कलमें घालण्याचें प्रयोजन काय, असें पेन्शनर विचारतात. व त्यांचा प्रश्न आम्हांस रास्त वाटतो.