सिकलसेल (डहाणू–तलासरी)

सिकलसेल : हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे आदिवासीबहुल तालुके महाराष्ट्राच्या सिकलसेल पट्ट्यात येतात. आईबापांकडून मुलाला काय मिळते आणि कसे मिळते, हे समजून घ्यायला या भागात याहून जवळचे उदाहरण नाही.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडचे, एक बापाकडचे. ११व्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर बदलले की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन बसते. मग प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी पडते, डोळे पिवळे दिसतात. बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या की हाडा-सांध्यांत असह्य कळा येतात. तान्ह्या मुलांचे हातपाय सुजतात. थंडी, ताप, अतिश्रम किंवा शरीरातले पाणी कमी होणे, यांनी कळा उठू शकतात. त्यामुळे आवणीत दिवसभर भिजणे किंवा वीटभट्टीवर उन्हात राबणे अशा रुग्णाला फार जड जाते.

सदोष जनुक एकाच बाजूने आले तर माणूस ‘वाहक’ होतो. तो रुग्ण नव्हे. सहसा त्याला त्रास होत नाही. आई व बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के. हा हिशेब दर वेळी नव्याने सुरू होतो. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे मुळीच नाही. रुग्ण मुलाला जनुक दोन्हीकडून आलेले असते. त्यामुळे एकट्या आईला बोल लावणे हा धडधडीत अन्याय आहे.

प्राथमिक तपासणी साधी आहे. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब द्रावणाच्या नळीत टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा स्पष्ट दिसल्या तर रक्त निर्दोष; द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. वाहक की रुग्ण, हे मात्र इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीनेच ठरते. ही तपासणी लग्न ठरण्याआधी व्हावी. सोयरीक मोडायला नव्हे, तर दोघांनी जाणून निर्णय घ्यावा म्हणून. उपचारात हायड्रॉक्सीयुरिया, फॉलिक आम्ल, भरपूर पाणी आणि गरजेला रक्त देणे येते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवण्यात आले.

इतका घातक दोष टिकला कसा? वाहकांना फॅल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून संरक्षण मिळते. हिवतापाच्या मुलुखात वाहक मुले अधिक जगली आणि जनुक पुढे जात राहिले.

डहाणूच्या चिकूवाड्यांशी नाते असलेल्या पारशी-इराणी समाजाचा विचार करता आणखी एक रक्तदोष नोंदवायला हवा. पारशांत जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता बरीच आढळते. तिचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, म्हणून वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला ती होण्याची शक्यता ५० टक्के असते. बाप ती मुलग्याला देऊच शकत नाही. अशा माणसाला हिवतापावरचे प्रायमाक्विन दिल्यास तांबड्या पेशी झपाट्याने फुटू शकतात.