दारू सोडताना झटके का येतात? जनुकांच्या भूमिकेचा मागोवा

दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणात मद्यपान करणाऱ्या व्यक्तीने दारू अचानक बंद केल्यास साधारणतः 6 ते 48 तासांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. मात्र, सारखेच मद्यपान करणाऱ्या दोघांपैकी एकालाच असा त्रास का होतो, याचे अंशतः उत्तर जनुकांत शोधले जात आहे.

मद्य हे मेंदूतील ‘गाबा’ या शामक रसायनाचा प्रभाव वाढवते आणि उत्तेजक ग्लुटामेटचा प्रभाव रोखते. रोजच्या सेवनाने मेंदू या स्थितीशी जुळवून घेतो. मद्य थांबताच शमन कमी पडते, उत्तेजना वाढते आणि त्यातून झटके उद्भवतात.

जनुकीय संशोधनात प्रयोगशाळेतील उंदरांच्या दोन वंशांची तुलना महत्त्वाची ठरली. मद्याचा अंमल उतरताना ‘डीबीए/2’ वंशाच्या उंदरांना तीव्र, तर ‘सी57बीएल/6’ वंशाच्या उंदरांना सौम्य झटके येतात. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातील पोर्टलँड येथील संशोधकांनी या फरकाचा माग काढत उंदराच्या चौथ्या गुणसूत्रावरील ‘एमपीडीझेड’ हे जनुक निश्चित केले. त्यांचे निष्कर्ष 2004 मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या जनुकापासून बनणारे प्रथिन चेतापेशींतील संदेशवहनाच्या घटकांना एकत्र बांधून ठेवते. त्याचे प्रमाण कमी असलेल्या उंदरांत झटक्यांची तीव्रता अधिक आढळली.

मानवात मात्र या धोक्यामागे एकच जनुक नसून अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा मानला जातो. कोणाला झटके येतील हे आधी सांगणारी जनुकीय चाचणी उपचारांत वापरली जात नाही. पूर्वी आलेले झटके, दारू वारंवार सोडून पुन्हा सुरू करणे आणि सेवनाचे प्रमाण यांवरूनच डॉक्टर धोक्याचा अंदाज घेतात. बेन्झोडायझेपाइन गटातील औषधांनी हे झटके टाळता येतात.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशात सुमारे 16 कोटी लोक मद्यपान करतात. कुटुंबात कोणाला झटके आले नाहीत म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे यांपैकी कोणीही गृहीत धरू नये. दारूवर अवलंबून असलेल्यांनी ती जरूर सोडावी, पण वैद्यकीय देखरेखीखाली. व्यसनमुक्तीसाठी 14446 ही राष्ट्रीय निःशुल्क मदतवाहिनी उपलब्ध आहे. प्रत्यक्ष झटका आल्यास रुग्णाला तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक आहे.