दस्त्याला तेल चोळणारे हात



1857 चा विषय निघाला की एनफील्ड बंदुकीच्या काडतुसाची चरबी आपल्याला आठवते. त्याच बंदुकीच्या लाकडी दस्त्याला लावलेले तेल मात्र कोणाला आठवत नाही. त्या तेलामागे कामगारांच्या इतिहासाचे एक पान आहे; ते आज उलगडायचे आहे.

त्या काळापर्यंत इंग्लंडात बंदूक सहसा एका छपराखाली तयार होत नसे. बर्मिंगहॅमचा व्यापारी सुटे भाग वाटून देई आणि कारागीर आपल्या घरी किंवा घरामागच्या खोपटात ते पुरे करीत. पोरे ते भाग या दारातून त्या दारात पोचवीत. एक कारागीर अक्रोडाच्या लाकडात नळीसाठी खाच कोरी, दुसरा दस्त्यावर शेवटचा हात फिरवी. लाकूड ओले केले की तंतू उभे राहतात. वाळल्यावर ते घासून काढायचे आणि जवसाचे तेल तळहाताने चोळायचे. हे तेल उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन लाकडातच घट्ट होते. म्हणून घाई चालत नाही. एक पातळ हात, मग वाळवण, पुन्हा हात. तेलाच्या चिंध्या ढीग करून टाकल्या तर आपोआप पेटतात. घरात काम करणाऱ्याला ती धास्ती निराळीच.

कसब हातात होते, म्हणून भावही हातात होता. मागणी वाढली की कारागीर मजुरीसाठी अडून बसत आणि सरकारचा माल रखडे. इकडे अमेरिकेत थॉमस ब्लँचर्ड याने 1819 मध्येच वेड्यावाकड्या आकाराचे लाकूड कातणारे यंत्र काढले होते. 1853 मध्ये जोसेफ व्हिटवर्थ तिकडे जाऊन आला. स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात यंत्रांवर दस्ता सुमारे 22 मिनिटांत कोरून होतो, असे त्याने सरकारला कळवले. सरकारने तशी यंत्रे मागवून लंडनजवळच्या एनफील्डला बसवली.

तेल चोळणे तेवढे हाताकडे उरले. विसाव्या शतकातही ब्रिटिश शिपाई आपल्या बंदुकीच्या दस्त्याला जवसाचे तेल चोळीत असे.

मी यंत्राचा वैरी नाही. दिवसाचे काम 22 मिनिटांत होत असेल तर आनंदच आहे. पण वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडला? त्या खोपटातल्या कारागिराच्या नक्कीच नाही. कसबाने त्याला भाव मिळवून दिला, पण यंत्र कोणाच्या मालकीचे असावे हे ठरवताना त्याला कोणी विचारले नाही. तो प्रश्न आजही आपल्यापुढे आहे, आणि तो एकट्यादुकट्याने सुटणारा नाही.